ऋण नव्हे, प्रत्युत्तर

सारे रशियन कथाकार गोगोलच्या ‘ओव्हरकोट’मधून बाहेर पडले, हे वचन दस्तयेव्हस्कीच्या नावावर आजही खपविले जाते. त्याच्या लेखनात ते कोठेही आढळत नाही. आणि त्याने सिद्ध तरी काय होते?

‘ओव्हरकोट’ (१८४२) मधील कारकून अकाकी निमूटपणे सोसतो आणि मरतो. ‘गरीब माणसे’ (१८४६) या कादंबरीत दस्तयेव्हस्कीने देवुश्किन हा दुसरा कारकून उभा केला आणि त्याच्याच हाती गोगोलची ती कथा दिली. देवुश्किन संतापतो. गरिबाची लाज चव्हाट्यावर मांडण्याचा अधिकार लेखकाला दिला कोणी? पुश्किनची टपालचौकीवरील दुःखी बापाची कथा (१८३१) मात्र त्याला आपलीच वाटते. ही उसनवारी की उलटतपासणी?

याच कादंबरीत पोक्रोव्हस्की नावाचा एक म्हातारा येतो. पाने त्याच्या वाट्याला थोडीच. मुलाच्या शवपेटीमागे तो धावतो आणि जुन्या कोटाच्या खिशांतून मुलाची पुस्तके चिखलात पडत राहतात. गोगोलच्या नायकाने कोटावर जीव लावला. येथे त्याच जीर्ण कोटात बापाचे काळीज आहे.

समीक्षकांनी ऋणाच्या वह्या आता मिटाव्यात. थोर लेखक पूर्वसूरींची नक्कल करीत नाही. तो त्यांना उत्तर देतो, आणि ते उत्तर पुष्कळदा कोपऱ्यातल्या माणसाच्या तोंडी असते.