पान्हा आणि कोयता

दर ऑगस्टच्या 1 ते 7 तारखेला सरकारला आईच्या दुधाची आठवण होते. स्तनपान सप्ताह. दवाखान्याच्या भिंतीवर पोस्टर चिकटतं. पोस्टरवरची बाई गोरी, भरल्या अंगाची, नव्या लुगड्यातली. निवांत बसलेली. तिच्या हातात बाळ आहे, कोयता नाही.

गेल्या हंगामात मेळाव्याच्या निमित्तानं आम्ही सांगलीकडं होतो. पहाटे चारला जाग आली ती ऊसतोडीच्या गाड्यांच्या खडखडाटानं. फडाच्या कडेला पाचटाच्या कोप्या. कुणी बीडकडचं, कुणी याच जिल्ह्यातल्या जत तालुक्यातलं. आपलेही लोक त्यात, मांगवाड्यातले, वंजारी, बंजारा, सगळेच. बाभळीच्या फांदीला झोळी आणि झोळीत दोन महिन्यांचं पोर. आई आत फडात. पोर किंचाळलं की आठ वर्षांची बहीण त्याच्या तोंडात बाटली कोंबायची. बाटलीत पांढरं पाणी. दूध म्हणवत नाही म्हणून पाणी म्हणतोय. डबा महाग, तो पंधरा दिवस पुरवायचा, म्हणून तीन चमच्यांच्या जागी एक चमचा. पाणी कॅनॉलचं.

आई मोळी घेऊन बाहेर आली तेव्हा विचारलं, "ताई, अंगावर पाजत नाही का?"

ती म्हणाली, "पाजायला बसल्यावर मोळ्या कोण बांधील दादा? मुकादम खाडा धरतो. आन् आता तर दूधच आटलं."

आता कायद्याचं बोलू.

कायदा आहे. त्याला नाव ठेवायचा आमचा इरादा नाही, कारण तो फुकट मिळालेला नाही. डब्याच्या कंपन्यांनी आशिया-आफ्रिकेतल्या दवाखान्यांत फुकट डबे वाटले. कुठं कुठं नर्सच्या पोशाखातल्या विक्रेत्या बाया बाळंतिणीच्या खाटेपाशी धाडल्या. ही फुकटेगिरी मोठी हिशेबी. आईच्या दुधाचा कायदा असा, की पोर ओढेल तितकं ते येतं. पोरानं ओढणं थांबवलं की पान्हा आटतो. फुकटचा डबा संपेस्तोवर आईचं आटलेलं असतं. दुसरा डबा विकत. गिऱ्हाईक पक्कं. गढूळ पाणी, न उकळलेली बाटली, पातळ केलेली पावडर, हगवण, आणि पोर संपलं. याविरुद्ध 1977 साली अमेरिकेत नेस्लेवर बहिष्कार पुकारला गेला. मे 1981 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेत डब्याच्या विक्रीवर बंधनं घालणारी संहिता मताला आली. 118 देश बाजूनं, विरोधात एकटी अमेरिका. लोकशाहीचा जगाला डोस पाजणारी तीच ती अमेरिका.

आपल्याकडं 1983 साली नुसती संहिता झाली. ती कोण पाळतो? मग 1992 चा कायदा आला, 1 ऑगस्ट 1993 पासून लागू झाला, 2003 मध्ये आणखी आवळला. दोन वर्षांच्या आतल्या पोराच्या डब्याची, बाटलीची जाहिरात बंद. फुकट नमुना बंद. गरोदर बाईला, बाळंतिणीला कंपनीच्या माणसानं गाठणं बंद. डब्यावर गुटगुटीत पोराचं चित्र बंद. डॉक्टरांना भेटी आणि त्यांच्या परिषदांना पैसा बंद. विक्रेत्याचा पगार खपावर ठरवणंही बंद. शिक्षा 3 वर्षांपर्यंत कैद, नाहीतर 5,000 रुपयांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. पाच हजार! कंपनीच्या साहेबाचं एका रात्रीचं हॉटेलचं बिल. आणि कोर्टात तक्रार कुणी करायची? सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्यानं किंवा सरकारनं मान्य केलेल्या संस्थेनं. जिचं पोर गेलं, त्या आईनं थेट फिर्याद केली तर कोर्ट या कायद्याखाली दखलच घेत नाही.

तरी या कायद्यानं काम केलं. मुंबईतल्या ग्राहक चळवळीतल्या माणसांनी नव्वदच्या दशकात याच्या जोरावर बलाढ्य कंपन्यांना कोर्टात खेचलं. पण पैशाला फट सापडतेच. एप्रिल 2024 मध्ये स्वित्झर्लंडमधल्याच एका संस्थेनं उघड केलं, की नेस्लेच्या भारतातल्या सेरेलॅकमध्ये दर वाढणीला सरासरी 2.7 ग्रॅम जादा साखर घातलेली होती. जर्मनीत, इंग्लंडात विकायच्या डब्यात जादा साखर शून्य. गोऱ्या पोराला बिनसाखरेचं आणि काळ्याला गोड. इथली अस्पृश्यता आम्ही ओळखतो. ही डब्यातून येते एवढंच.

साखरेची पोती मी गोदीत पाठीवर घेतलीत. पोत्याचं वजन कळतं, पण त्या साखरेला कुणाचं दूध आटलं ते पोत्यावर छापलेलं नसतं. कृष्णाकाठचा ऊस आमच्या बाईच्या हातचा चालतो, त्याची साखर देवाच्या नैवेद्याला चालते, बारशाच्या पेढ्यात चालते. तिचं पोर मात्र बांधावर.

तर मुद्दा असा. 1992 चा कायदा कंपनीचं तोंड बांधतो. पण झोळीतल्या त्या पोराच्या आईनं डबा जाहिरात बघून घेतलेला नाही. तिला वाचताही येत नाही. डब्यावर छापलेली 'आईचं दूध सर्वोत्तम' ही सूचना तिच्यासाठी काळ्या रेघा आहेत. ते दूध सर्वोत्तम आहे हे तिला पोस्टरवाल्यांपेक्षा जास्त कळतं. तिला वेळ नाही. दूध वेळेतून येतं, बसण्यातून येतं, पोटातल्या भाकरीतून येतं. ते तिन्ही उचलीच्या पैशात गहाण पडलंय.

जुलै 1928 मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात बाळंतपणाच्या भत्त्याचं बिल चर्चेला आलं तेव्हा बाबासाहेब उभे राहिले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून हा बोजा मुख्यतः सरकारनं उचलावा, असं त्यांचं म्हणणं. पण बाईच्या कष्टातून नफा काढतो म्हणून मालकही त्यातून सुटत नाही. 1929 ला मुंबई प्रांतात कायदा झाला. 1961 ला देशाचा झाला. 2017 मध्ये रजा 12 वरून 26 आठवड्यांवर गेली, वर पोर 15 महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोन सुट्ट्या. आपल्या बँकेत, मंत्रालयात लागलेल्या बहिणी ती रजा घेतात. घ्यायलाच पाहिजे, बाबासाहेबांनी मिळवलेली आहे.

फडातल्या बाईला का नाही? वर्षात 80 दिवस काम केलेलं असावं अशी अट. ती पाच-सहा महिने तोडते. रोजंदारी आडवी येते म्हणाल, तर तेही उत्तर आलंय. दिल्ली महापालिकेच्या मस्टरवरच्या बायकांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं 2000 सालीच सांगितलं, की रोजंदारीवरच्या बाईलाही हा हक्क आहे. पण त्या बायकांचं निदान मस्टर होतं. इथं नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाच्या वहीत नाव नवऱ्याचं. बाई म्हणजे अर्धा कोयता, अर्ध्या कोयत्याला पान्हा फुटतो हे कुठल्या वहीत लिहिणार? मालक कोण विचारा. कारखाना मुकादमाकडं बोट दाखवतो, मुकादम कारखान्याकडं. बिनमालकाचा एवढा ऊस गव्हाणीत पडतो कसा?

मातृवंदना योजनेचे 5,000 रुपये पहिल्या पोराला मिळतात म्हणे. त्या बाईचं नाव गावाकडच्या अंगणवाडीत, आणि ती इथं शेकडो मैलांवर. शिवाय हे तिचं तिसरं.

आमची मागणी लांबलचक नाही. कोयत्याची दोन नावं कारखान्याच्या रजिस्टरात चढली पाहिजेत, बाईचं वेगळं. तिच्या बाळंतपणाची मजुरी कारखान्यानं आणि सरकारनं भरावी, मुकादमाच्या उचलीतून नव्हे. फडाजवळ पाळणाघर, आणि पाजण्याच्या वेळेला खाडा नाही.

दिवाळीच्या आगेमागे गव्हाणीत पहिली मोळी टाकायला पुढारी येतील. त्या दिवशी सांगलीची आपली पोरं-पोरी कारखान्याच्या गेटवर असतील, हातात दोन रकान्यांची कोरी वही घेऊन. टोळ्या उतरतील तशी एकेका बाईचं नाव विचारून लिहायचंय. लिहिता येणारे हात कमी पडतात. मुंबईच्या मित्रांनी महालक्ष्मी एक्स्प्रेस धरावी, रात्री बसलं की सकाळी सांगली. वह्या आम्ही आणतो, पेन तुमचं.