एका प्रश्नाची उत्तरे किती?

पुस्तकाच्या शेवटी दिलेल्या उत्तराशी आपले उत्तर जुळले, की आपण समाधानाने वही मिटतो. या सवयीविषयी आम्हांस दोन शब्द लिहावयाचे आहेत.

तारेचे कडे साबणाच्या पाण्यात बुडवून अलगद वर काढावे. त्यावर ताणलेला पातळ पडदा आपले क्षेत्रफळ होईल तितके कमी करतो. बेल्जियमचे शास्त्रज्ञ जोसेफ प्लातो यांनी अशा पडद्यांवर १८७३ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यापूर्वीच त्यांची दृष्टी गेली होती. इतरांच्या डोळ्यांनी पाहून त्यांनी हे काम तडीस नेले. तार कशीही वाकवली तरी असे पृष्ठ असतेच, हे १९३० च्या सुमारास जेसी डग्लस व टिबोर राडो यांनी स्वतंत्रपणे सिद्ध केले.

पण अशी पृष्ठे किती? वर्तुळाकार कड्यावर एकच. तीच तार टेनिसच्या चेंडूवरील शिवणीप्रमाणे खोलवर वळवली, तर दोन निरनिराळे पडदे टिकू शकतात. डोळ्यांची मोजणी येथे संपते. तर्काची संपत नाही. दोन दऱ्यांमध्ये जशी खिंड असावयाचीच, तसे या दोहोंमध्ये समतोल साधणारे तिसरे पृष्ठही असलेच पाहिजे, हे १९३९ साली मोर्स व टॉम्किन्स यांनी आणि स्वतंत्रपणे शिफमन यांनी दाखविले. ते इतके अस्थिर, की साबणाच्या पाण्यातून सहसा हाती लागत नाही.

आपल्या बडोद्यात श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८९० साली कलाभवन उभे राहिले व हातांच्या शिक्षणास मान मिळाला. अशा नगरीत गणिताच्या तासाला तार व साबण परके का वाटावेत? परीक्षेच्या धांदलीत एवढा वेळ कोठून आणावा, असे कोणी म्हणेल. ती अडचण आम्ही जाणतो. तथापि वर्षातून एक तास तरी हात, डोळे व तर्क यांना एकत्र बसवावे, असे आमचे नम्र मत आहे.

कोणताही बंद वक्र दिला असता अशी पृष्ठे किती, हे सांगणारा सर्वसाधारण नियम गणिताजवळ आजही नाही. विद्यार्थिमित्रहो, ज्याचे उत्तर कोणत्याही पुस्तकाच्या शेवटी छापलेले नाही, असा हा प्रश्न आहे. वही मिटण्याची घाई करू नका!