‘ग्राम चिकित्सालय’ पाहिल्यावर

मे २०२५ मध्ये प्राइम व्हिडिओवर आलेली ‘ग्राम चिकित्सालय’ ही पाच भागांची मालिका मी जरा उशिरानेच पाहिली. शहरातला तरुण डॉक्टर खेड्यातल्या आरोग्य केंद्रात रुजू होतो. रुग्ण मात्र पदवी नसलेल्या चेतक कुमारकडे जातात. आमच्या शिरूर कासारमध्ये सरकारी ओपीडी अशी ओस नसते, तरी मूळ दुखणं मालिकेने बरोबर पकडलंय. चेतक कुमार माणसाशी बोलतो, म्हणून लोक त्याच्याकडे जातात.

खटकलं ते वेगळंच. विनय पाठक यांनी हा चेतक इतका गोड रंगवलाय, की त्याचा धोका हसण्यावारी जातो. बोगस डॉक्टरच्या इंजेक्शनात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. सांधे दुखायचे थांबतात, भूक लागते, पेशंट खूश! वारंवार घेतलं की साखर वाढते, बीपी चढतं, हाडं ठिसूळ होतात. अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनमध्ये तर साडेचार ग्रॅम मीठ आणि पाणीच असतं. ज्याला तोंडाने खाता-पिता येतं, त्याला त्यातून ‘ताकद’ मिळत नाही.

मालिका जरूर पाहा. पण दवाखान्यात गेलात की डॉक्टरचा नोंदणी क्रमांक बघा, कोणतं इंजेक्शन दिलं ते चिठ्ठीवर लिहून मागा. आणि आम्हा सरकारी डॉक्टरांनीही चेतककडून एक गोष्ट घ्यावी: रुग्णाचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घ्यावं.