कॅप्सूल सोडण्याआधी विचारा

गेल्या पावसाळ्यात एक चाचा छातीच्या संसर्गासाठी माझ्याकडे आले होते. पाच दिवसांच्या कॅप्सूल लिहून दिल्या. चौथ्या दिवशी ताप वाढून परत आले. दोनच दिवस औषध घेतले होते. "डॉक्टरसाहेब, त्यात डुकराची चरबी असते म्हणतात. तुम्हाला कसं विचारावं?"

कॅप्सूलचे कवच चरबीचे नसते, बहुधा जिलेटिनचे असते. ते जनावरांच्या हाडांपासून व कातड्यापासून काढतात. आपल्या देशात मुख्यतः गुरांच्या हाडांपासून. म्हणून हा प्रश्न एकट्या मुसलमानांचा नाही. माळकरी आणि जैन रुग्णांनाही तो पडतो, फक्त तेही विचारत नाहीत.

मी मौलवी नाही. पण कुराणाच्या सूरह बकराच्या १७३ व्या आयतीत निषिद्ध अन्न सांगून लगेच नाइलाज झालेल्याला सूट दिली आहे, हे बहुतेकांना ठाऊक असते. औषधाबाबत अनेक उलेमा त्याच आधारे सांगतात की, गरज खरी असावी, दुसरे हलाल औषध नसावे आणि जाणकार वैद्याने तसे सांगितलेले असावे. म्हणजे प्रश्न फिरून डॉक्टरकडेच येतो! आणि आम्ही मात्र चिठ्ठी लिहून मोकळे होतो. चाचांना दुसरे औषध गोळीत देता आले असते. मी विचारलेच नाही.

अर्धवट ऐकण्याने काय होते, ते इंडोनेशियात दिसले. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची गोवर-रुबेलाची लस तिथे दिली जात होती. ऑगस्ट २०१८ मध्ये तिथल्या उलेमा परिषदेने फतवा दिला की, डुकराचा घटक वापरल्याने लस हराम आहे. पण हलाल लस मिळत नाही आणि गरज आहे, म्हणून तूर्त ती चालेल. अनेकांनी पहिले अर्धेच ऐकले. कित्येक प्रांतांत लसीकरण घसरले. गोवर काही फतवा वाचून येत नाही.

रक्त पातळ करणारे हेपॅरिन डुकराच्या आतड्यापासून बनते. हृदयविकाराच्या झटक्यात ते लागले, तर खल करायला वेळ नसतो. इन्शुलिनची शंका मात्र सोडा. पूर्वी ते गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढत. आता बहुतेक जिवाणू किंवा यीस्टकडून तयार करून घेतात.

आणखी एक. कवच फोडून आतली पावडर खाण्याची युक्ती काहीजण करतात. काही औषधे जठरात न विरघळता आतड्यात उतरावीत अशी बनवलेली असतात, ती अशाने वाया जातात. त्याऐवजी गोळी किंवा पातळ औषध मिळेल का, हे चिठ्ठी हातात घेतानाच विचारा.