नर्मदेत नाणे, भरुचकडे पाठ

मुंबईहून बडोद्याकडे येणारी आगगाडी अंकलेश्वर सोडून नर्मदेच्या पुलावर चढली की डब्यात एकच लगबग उडते. निजलेली मुले उठविली जातात, म्हाताऱ्या माणसांना खिडकीपाशी जागा करून दिली जाते, ‘नर्मदे हर’ असा घोष होतो आणि गजांच्या फटींतून नाणी खाली पाण्यात पडतात. पूल संपतो, भरुचचे स्थानक येते; तोवर मंडळी पुन्हा फराळाच्या डब्यांकडे वळलेली असतात. ज्या नगराने दोन हजार वर्षांवर या नदीच्या मुखाशी पहारा केला, त्याच्याकडे मान वर करून पाहावे असे शंभरांतल्या एकालाही वाटत नाही. नाणे टाकण्याबद्दल आमची तक्रार नाही. नाणे टाकून झाल्यावर जी पाठ फिरते, तिच्याबद्दल आहे.

गोमंतक, मालवण, कारवार, मंगळूर या भागांतून आपल्या देवस्थानांची यात्रेकरू मंडळी दर वर्षी बडोद्यास उतरतात. येथून ती गरुडेश्वरास जातात. कारण माणगावच्या वासुदेवानंद सरस्वती टेंबे स्वामींनी १९१४ मध्ये तेथे देह ठेवला आणि सावंतवाडीच्या मातीतला हा संन्यासी नर्मदेच्या तीरी विसावला. पुढे ती नारेश्वरास रंगावधूत महाराजांच्या स्थानी जातात, चांदोदला स्नान करतात, डाकोरला रणछोडरायाचे दर्शन घेतात. बडोद्याची मराठी मंडळेही आपल्या सहलींची आखणी याच ठशावर करतात. बडोद्यापासून भरुच आगगाडीने तासाभराच्या वाटेवर आहे. परंतु यात्रेच्या छापील पत्रकांत त्याचे नाव आम्हांस क्वचितच आढळले, आणि आढळले ते चहापाण्याच्या थांब्यापुरते. तीर्थ पाहावे आणि त्या तीर्थाच्या आधारावर उभे राहिलेले नगर मात्र पाहू नये, असा हा शिरस्ता आहे. त्याला श्रद्धा म्हणण्यास आम्ही तयार नाही.

या शिरस्त्याच्या समर्थनार्थ तीन मुद्दे पुढे केले जातात. ते एकेक तपासून पाहू.

पहिला मुद्दा असा की, यात्रा देवदर्शनासाठी असते. जुनी बंदरे पाहणे हा हौशी प्रवाशांचा उद्योग आहे. असे म्हणणाऱ्यांनी भागवताचा आठवा स्कंध पुन्हा एकदा उघडावा. बळीराजाचा यज्ञ कोठे चालला होता? नर्मदेच्या उत्तर तीरावर, भृगुकच्छ नावाच्या क्षेत्री. ऋत्विज होते भृगुकुळातले. वामन बटू जेथे प्रकट झाला ते भृगुकच्छ म्हणजेच आजचे भरुच, आणि तेथील दशाश्वमेध घाट ही कथा अजून सांगतो. दिवाळीच्या पाडव्याला आपल्या आयाबहिणी ‘इडा पीडा टळो, बळीचे राज्य येवो’ असे म्हणतात. कोचीकडचे आपले कोकणी बांधव ओणमच्या दिवसांत त्याच बळीचे स्वागत पाहतात. इतक्या दूरदूरच्या घरांत ज्या राजाचे नाव दर वर्षी निघते, त्याच्या यज्ञभूमीवरून आपण नाणे टाकून निघून जातो. हे देवदर्शनाच्या कसोटीला तरी उतरते काय?

आणि धर्म म्हणजे केवळ दर्शन, अशी समजूत आपल्या पूर्वजांची नव्हती. नाशिकच्या लेण्यांत, दहाव्या क्रमांकाच्या गुहेत, नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा सुमारे १,९०० वर्षांपूर्वीचा कोरीव लेख आहे. आपल्या दानधर्माची यादी देताना तो सांगतो की भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक या ठिकाणी आपण चौसोपी विश्रांतिगृहे बांधली, विहिरी व तळी खोदविली, आणि तापी, दमण, डहाणू इत्यादी नद्यांवर लोकांना फुकट पार करणाऱ्या होड्या ठेवल्या. या चार नगरांपैकी भरुकच्छ आणि शूर्पारक म्हणजे सोपारा ही दोन बंदरे आहेत. हा दाता शक कुळातला, म्हणजे मूळचा परका; पण प्रवाशाला छप्पर आणि नदी ओलांडू पाहणाऱ्याला होडी देणे हे पुण्यकर्म आहे, एवढे त्याने या भूमीतून नेमके उचलले होते. आज आपली देवस्थाने लाखांचे सुवर्णकलश चढवितात. त्यांपैकी किती जणांनी एखाद्या जुन्या बंदरातल्या घाटावर एक पडवी तरी बांधली, हा हिशेब ज्याचा त्याने करावा.

दुसरा मुद्दा अधिक जुना आणि अधिक हट्टी आहे. समुद्र हा आपल्या धर्माच्या बाहेरचा, समुद्रपर्यटन निषिद्ध, तेव्हा बंदराशी आपला संबंध तो काय? विलायतेहून परतलेल्या मंडळींवर एके काळी प्रायश्चित्ताचा व बहिष्काराचा जो बडगा उगारला गेला, त्याच्या आठवणी आपल्या अनेक घराण्यांत आहेत. वकिलाच्या नजरेने पाहिले असता हा खटला एकतर्फी पुराव्यावर चालविला गेला असे म्हणावे लागते. बौधायनाने समुद्रयानाला दोष दिला, मनूने समुद्रयात्रा करणाऱ्याला श्राद्धाच्या पंक्तीतून वगळले, हे खरे. परंतु तोच मनू आठव्या अध्यायात सांगतो की, समुद्रयानात कुशल असलेले आणि देशकाल जाणणारे लोक जो व्याजाचा दर ठरवितील तो प्रमाण मानावा; नदीतल्या नौकेचे भाडे कसे आकारावे हेही तो सांगतो आणि समुद्रावर असा नियम लागू नाही, असे बजावतो. याज्ञवल्क्य तर अरण्यातून जाणाऱ्या व्यापाऱ्याला शेकडा १० आणि समुद्रावर जाणाऱ्याला शेकडा २० व्याज लावतो; जोखीम दुप्पट, म्हणून दर दुप्पट. जी गोष्ट समाजात घडतच नाही, तिच्यासाठी कोणता स्मृतिकार व्याजाचे कोष्टक लिहीत बसेल? पंक्तीचा नियम उचलावा आणि व्यवहाराचा नियम झाकून ठेवावा, ही वाचनाची पद्धत कोणत्याही न्यायालयात टिकणार नाही.

गोमंतकीय वाचकांपुढे तर याहून जवळचा पुरावा आहे. गोव्याच्या कदंबांचे अकराव्या शतकातले ताम्रपट सांगतात की, त्या वंशातला गुहल्लदेव राजा चंद्रपुराहून जहाजाने सोमनाथाच्या यात्रेस निघाला. वाटेत डोलकाठी मोडली, तेव्हा जहाज गोपकपट्टण बंदरात आणावे लागले आणि तेथे मदुमद नावाच्या ताजिक, म्हणजे अरब व्यापाऱ्याने त्याला साहाय्य केले. राजा हिंदू, यात्रा सोमनाथाची, मार्ग समुद्राचा आणि संकटात हात देणारा परधर्मी सावकार. आपल्या यात्रेचे हे जुने चित्र आहे. यात कोणाचा धर्म बुडालेला दिसत नाही. पुढे सोळाव्या शतकात कुठ्ठाळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा आणि वेर्ण्याची म्हाळसा यांना पोर्तुगीज अमलातून सोडवून अंत्रुज महालात न्यावे लागले, तेव्हा जुवारीचे पाणी ओलांडूनच ती दैवते वाचली. ज्यांचे देव होडीने वाचले, त्यांनी बंदराला परके म्हणावे यासारखा विसराळूपणा दुसरा नाही.

नर्मदेची परिक्रमा करणाऱ्यांना तर हे सांगण्याची गरजच पडू नये. दक्षिण तीरावरच्या विमलेश्वरापासून उत्तर तीरावरच्या मिठी तलाईपर्यंत परिक्रमावासी होडीत बसून समुद्राच्या तोंडातून काही तास प्रवास करतात. होडी कधी सुटणार हे पंचांगाबरोबर पाणी ठरविते. भरतीची वाट पाहत रात्र रात्र बसावे लागते. महाराष्ट्रातून हजारो माणसे ही परिक्रमा करून आली, तिच्यावर मराठीत पुष्कळ पुस्तकेही झाली. पण त्या एका प्रवासात आपण एका अतिप्राचीन बंदराच्या दारातून आत आलो, ही जाणीव त्यांतल्या फारच थोड्या लेखकांना झालेली दिसते.

तिसरा मुद्दा म्हणजे ‘भरुचात पाहण्यासारखे आहे तरी काय?’ हा प्रश्न विचारणाऱ्यांना पैठण आणि तेर ही गावे ठाऊक असतील. एक नाथांचे, दुसरे गोरोबाकाकांचे. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहून ठेवलेल्या ‘पेरिप्लस’ नामक प्रवासपुस्तकात भरुचला बारिगाझा म्हटले आहे. तेथून दक्षिणेस २० दिवसांच्या वाटेवर पैठण आणि त्याच्या पूर्वेस १० दिवसांच्या वाटेवर तगर, म्हणजे तेर, असे तो सांगतो. पैठणाहून अकीक जातीचे दगड आणि तगराहून साधे व तलम कापड गाड्यांवर लादून, मोठ्या बिकट वाटांनी भरुचला येई आणि तेथून परदेशी जाई. बदल्यात इटलीची मद्ये, तांबे, कथील, शिसे, पोवळी आणि सोन्याचांदीची नाणी उतरत. ही नाणी स्थानिक चलनात बदलताना नफा होई, अशीही नोंद तो करतो. संतांच्या कितीतरी शतके आधी या गावांना जग माहीत होते आणि जगाला ती गावे. मधला दरवाजा भरुच होता. बडोद्यातल्याच अकोट्याच्या मातीतून रोमन घडणीची, कामदेवाची आकृती असलेली काशाची मूठ निघाली. ती या भूमीवर चालत आली नाही.

त्याच पुस्तकात भरुचच्या खाडीचे वर्णन आहे. मुख अरुंद, वाळूचे उथळे फसवे, आणि भरती इतक्या वेगाने येते की तिचा आवाज दूरवरून चालून येणाऱ्या सैन्यासारखा ऐकू येतो. म्हणून राजाच्या चाकरीतले स्थानिक मच्छीमार मोठ्या होड्या घेऊन सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात आणि परक्या जहाजांना भरतीच्या वेळा साधून, ठरलेल्या जागी नांगर टाकीत, आत आणीत. बौद्ध जातकांतही खाऱ्या पाण्याने दृष्टी गेलेला सुप्पारक नावाचा तांडेल आहे. भरुकच्छचे व्यापारी त्या आंधळ्यालाच आपल्या गलबताचा वाटाड्या करून नेतात. नगर कशावर उभे होते, हे यावरून कळावे. त्याचा पाया पाण्याची खूण ओळखणाऱ्या माणसांच्या विद्येवर होता.

पाहण्यासारखे आजही पुष्कळ आहे. नदीकाठच्या उंचवट्यावर चढलेली जुनी वस्ती आणि तिच्या गल्ल्या आहेत. भृगुऋषींचे मंदिर आहे. १८८१ चा लोखंडी गोल्डन ब्रिज आहे, ज्याच्यावरची वाहने शेजारी नवा पूल झाल्यावर २०२१ मध्ये थांबली. सुजनी नावाची, मागावरच कापूस भरून विणली जाणारी गोधडी आहे. जामा मशिदीत जुन्या मंदिरांचे खांब आहेत, तेही पाहावेत. इतिहास झाकून ठेवण्याचे कारण नाही. मात्र केवळ तेवढेच पाहण्यासाठी जाऊन संतापून परत येणारा मनुष्य नगर पाहून आला असे आम्ही म्हणणार नाही. दोन हजार वर्षांच्या दप्तरातले एकच पान त्याने वाचले. बडोदेकर मराठ्यांनी तर हेही ध्यानात ठेवावे की १७८३ पासून १८०३ पर्यंत हे बंदर महादजी आणि दौलतराव शिंद्यांचे होते, आणि ते इंग्रजांकडे गेल्यावर सुर्जी-अंजनगावच्या तहाने तो ताबा कायम झाला. आपला हक्क कोठे संपला, ते ठिकाण तरी माहीत असावे.

हा सारा वाद आजच घालण्याचे कारण आहे. भरुचच्या खालच्या अंगाला भाडभूत येथे नदीवर बंधारा बांधण्याचे काम २०२० मध्ये ठेकेदाराकडे सोपविण्यात आले. समुद्राचे खारे पाणी वर येऊ नये आणि गोड्या पाण्याचा साठा व्हावा, हा त्याचा हेतू आहे. वरच्या धरणांनी नदीचे पाणी अडल्यापासून खारेपणा वाढला, शेतकऱ्यांचे व नगराचे हाल झाले, हे आम्ही नाकारत नाही. तिकडे समुद्रातून गोड्या पाण्यात अंडी घालण्यास येणाऱ्या पाल्याच्या मासेमारीवर जगणाऱ्या मच्छीमारांनी या योजनेला विरोध केला, तोही पोटाचा प्रश्न आहे. या दोन गरजांचा निवाडा करण्यास ही पाने पुरेशी नाहीत. पण एक गोष्ट उघड आहे. बंधारा पुरा होऊन त्याचे काम त्याने चोख बजावले, तर भरुचच्या घाटाला समुद्र पुन्हा भेटणार नाही. ज्या भरतीने हे नगर घडविले, तिचा आवाज तेथे थांबेल. आणि ज्या समाजाने ती कधी ऐकलीच नाही, त्याला काही गमावल्याचे कळणारही नाही. वादात कोणतीही बाजू घ्या. पण न पाहिलेल्या नदीविषयी मत देण्याचा अधिकार कोणालाच नसतो.

म्हणून देवस्थानांच्या यात्रासमित्यांपुढे आम्ही तीन सूचना ठेवतो. गरुडेश्वर-नारेश्वरच्या प्रत्येक यात्रेत भरुचला एक पूर्ण दिवस द्यावा, आणि तो भरतीची वेळ पाहून ठरवावा. दोनचार देवस्थानांनी मिळून जुन्या घाटाजवळ यात्रेकरूंसाठी एक साधे विश्रांतिगृह उभारावे आणि त्याच्या भिंतीवर उषवदाताच्या लेखाचा आशय मराठी, कोकणी व गुजराती अशा तिन्ही भाषांत कोरावा. आणि आपल्या तरुणांनी तेथल्या वृद्ध तांडेलांपाशी बसून पाण्याच्या, वाऱ्याच्या, उथळ्यांच्या नावांची नोंद करावी. भरती-सुकती हे शब्द ज्यांच्या घरात अजून बोलले जातात त्या कोकणी मुलांना हे काम विशेष जमेल, आणि अशी नोंद छापण्यास या मासिकाइतकी योग्य जागा दुसरी नाही.

यांतल्या कशालाही राजाश्रय लागत नाही, मोठा निधीही लागत नाही. पुढच्या यात्रेचे पत्रक छापण्यापूर्वी समितीच्या चिटणिसांनी त्यात एक ओळ वाढवावी, एवढ्यानेच सुरुवात होईल.