‘स्वमग्न’ म्हणजे कोण?

आपल्या मराठी घरांत ज्याला ‘स्वमग्नता’ म्हणतात, तिलाच 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याचा हिंदी पाठ ‘स्वपरायणता’ म्हणतो. दोन्ही शब्द ‘ऑटिझम’चे भाषांतर, त्याच्या मुळाशी ग्रीक ‘ऑटोस’, म्हणजे ‘स्वतः’. माझा आक्षेप या ‘स्व’वरच आहे. माणूस स्वतःतच बुडाला आहे, हा निवाडा आपण त्याला न विचारताच देऊन टाकतो.

लिओ कॅनर यांनी 1943 साली 11 मुलांचे वर्णन केले. त्यांपैकी 8 बोलू लागली, 3 अबोल राहिली. पहिल्याच निबंधात एवढे वैविध्य असताना आपण एकच साचा धरून बसलो आहोत. कुणी त्या मुलात चित्रपटातला गणिती शोधतो, तर कुणी जामसावळीला नेण्याचा सल्ला देतो. नवसाला माझी ना नाही. परंतु नवस फेडल्याने मूल समजत नाही. गोटमारीचा गलका एकाला असह्य होतो, दुसरा ढोलाच्या ठेक्यावर रमतो. एक अखंड बोलतो, दुसरा चित्रे दाखवून पाणी मागतो. अनेक मुली इतरांचे अनुकरण करून निभावून नेतात आणि त्यांची दमणूक वर्षानुवर्षे कुणाच्या ध्यानी येत नाही.

शासकीय सेवेत आयुष्य गेल्याने कागदाची किंमत मी जाणतो. 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्याच्या यादीत स्वमग्नता नव्हती. 2016 च्या कायद्याने ती आणली, हे मोठेच पाऊल. मात्र निदानाची भारतीय मापनपट्टी 40 बाबींना 1 ते 5 गुण देऊन शेवटी एकच बेरीज हाती ठेवते. सारख्या बेरजेची दोन माणसे सर्वस्वी भिन्न असू शकतात.

‘मग नाव तरी कशाला?’ असे कोणी विचारील. नाव हवेच, त्यावाचून हक्क मिळत नाहीत. पण नाव मिळाले म्हणजे माणूस कळला, असे मानणे हा आळस आहे. 1956 मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला, पांढुर्णा-सौंसर मध्य प्रदेशातच राहिले. आपल्या बोलीला कोणी पुण्याच्या मापाने अशुद्ध ठरवले, तर आपल्याला ते रुचत नाही. एका ‘मराठी’ नावाखाली किती रीती नांदतात, हे पिढ्यान्‌पिढ्या येथे राहिलेल्या घरांना कोणी सांगायला नको. तीच समज या मुलांच्या वाट्याला का येऊ नये?

तेव्हा ‘हा कोणत्या प्रकारचा?’ असे शेजाऱ्याला विचारण्याऐवजी, ‘तुला काय सोसत नाही, काय आवडते?’ असे त्यालाच विचारावे. आणि उत्तर शब्दांत, खुणेने वा चित्राने, जसे येईल तसे येईपर्यंत थांबावे.