मेग-जॉन बार्कर : रुग्णाऐवजी नियमाची तपासणी

मेग-जॉन बार्कर यांची पुस्तके दुकानात बहुधा 'स्वमदत' या फळीवर ठेवलेली असतात. ती इतिहासाच्या फळीशेजारी ठेवून वाचली, तरच त्यांतला खरा ऐवज कळतो. त्यासाठी हा धागा.

आधी ओळख. बार्कर हे ब्रिटनमधील लेखन, मानसशास्त्र आणि थेरपी या तिन्ही क्षेत्रांतले परिचित नाव. 'ओपन युनिव्हर्सिटी'त त्यांनी अनेक वर्षे मानसशास्त्र शिकवले, समांतर थेरपिस्ट म्हणून काम केले, आणि नंतर पूर्णवेळ लेखन पत्करले. बार्कर नॉन-बायनरी आहेत, म्हणजे 'स्त्री' किंवा 'पुरुष' या दोन खान्यांपैकी एकातच स्वतःची ओळख बसवत नाहीत. इंग्रजीत त्यांच्यासाठी 'दे' हे सर्वनाम वापरले जाते. एकाच व्यक्तीसाठी 'दे' म्हणणे ही आजकालची टूम असल्याचे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात अशा वापराची उदाहरणे चौदाव्या शतकापासून सापडतात.

मराठीत काय करायचे? 'ते' म्हटले की पुरुष, 'त्या' म्हटले की स्त्री, आणि प्रौढ माणसाला नपुंसकलिंग लावणे हा सरळ अपमान. पण आदरार्थी बहुवचनाच्या विभक्तिरूपांत, म्हणजे 'त्यांनी', 'त्यांना', 'त्यांचे' यांत, लिंग उरतच नाही. या धाग्यात तीच रूपे योजली आहेत. व्याकरणाने हे दार मुळातच उघडे ठेवले होते.

आता इतिहास. १८८६मध्ये क्राफ्ट-एबिंग या मनोवैद्यकाने लैंगिक 'विकृतीं'ची जी जंत्री प्रसिद्ध केली, तिने पुढील अनेक दशकांचा सूर ठरवला : नियम निरोगी, अपवाद रोगी. वेगळा सूर लावणारेही होते. बर्लिनमध्ये १९१९ साली संस्था स्थापणारे मॅग्नस हिर्शफेल्ड स्त्री आणि पुरुष यांच्या दरम्यान असंख्य पायऱ्या असल्याचे मांडत होते. मे १९३३मध्ये नाझी विद्यार्थ्यांनी ती संस्था लुटली आणि तिच्या ग्रंथालयाची होळी केली.

महायुद्धानंतर लिंगबदलासाठी वैद्यकीय मदत मिळू लागली, पण तिच्या दारात मानसोपचारक पहारेकऱ्यासारखे उभे राहिले. १९६६मध्ये हॅरी बेंजामिन यांचा या विषयावरील ग्रंथ आला. त्यानंतर उपचारांसाठी येणाऱ्यांच्या कहाण्या ग्रंथातल्या वर्णनाशी इतक्या तंतोतंत जुळू लागल्या, की संशोधकांना आपले निकष अचूक असल्याचा भास झाला. उमगायला वर्षे लागली, की येणाऱ्यांनीही तोच ग्रंथ वाचला होता. तो हातोहात फिरत होता. सँडी स्टोन यांनी १९९१मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात हा प्रकार नेमका टिपला आहे. ज्या खोलीत मन मोकळे करायचे, तिथे पाठ केलेली गोष्ट सांगावी लागत होती. 'मी स्त्रीही नाही आणि पुरुषही' असे म्हणणाऱ्याची गोष्ट त्या ग्रंथात नव्हतीच. म्हणजे दोन पर्याय उरत : खोटे बोला, नाहीतर रिकाम्या हाताने परत जा.

बार्कर यांनी त्या खोलीतल्या प्रश्नाची दिशा फिरवली, आणि तीही पहारेकऱ्यांच्याच व्यवसायात राहून. 'रीरायटिंग द रूल्स' (२०१२) या पुस्तकात प्रेम, लिंगभाव, बांधिलकी, भांडण, ताटातूट यांविषयीचे रूढ नियम एकेक करून तपासले आहेत. नियमात न बसणाऱ्याला काय झाले आहे, हे विचारण्याआधी तो नियम कोणाच्या सोयीचा आहे, हे विचारायचे. याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या, उभयलिंगी आकर्षण असणाऱ्यांविषयीच्या अहवालाचे प्रमुख लेखनही बार्कर यांचेच. या लोकांचे मानसिक स्वास्थ्य भिन्नलिंगी आणि समलिंगी अशा दोन्ही गटांहून खालावलेले आढळते, हे त्यात ठळकपणे मांडले आहे. दोन्ही बाजूंनी 'एकदाचे काय ते ठरवा' असे ऐकावे लागणाऱ्यांची ही अवस्था.

२०१७मध्ये क्रिस्टीना रिचर्ड्स आणि वॉल्टर बाउमन यांच्यासह संपादित केलेला नॉन-बायनरी लिंगभावांवरील ग्रंथ व्यावसायिकांसाठी होता. त्याच वर्षीचे, अॅलेक्स इयान्टाफी या सहकारी थेरपिस्टसह लिहिलेले 'हाऊ टू अंडरस्टँड युअर जेंडर' मात्र सर्वांसाठी आहे. स्वतःच्या स्त्री वा पुरुष असण्याविषयी कधी शंकाही न आलेल्यांसाठीसुद्धा. त्यात वाचकाला थांबवून 'जरा सावकाश' असे सांगणाऱ्या जागा आहेत. थेरपिस्टची बैठक कागदावर उतरते ती अशी.

सर्वांत लोकप्रिय ठरले ते जूल्स शील यांच्या चित्रांसह आलेले 'क्विअर : अ ग्राफिक हिस्टरी' (२०१६). फूको आणि बटलर यांना चित्रचौकटींत बसवताना त्यांचे कंगोरे झिजतात, हे मान्य. तरी सिद्धान्ताच्या जडजंबाल गद्याने दूर लोटलेल्या वाचकाला या पुस्तकाने आत घेतले, आणि विद्यापीठीय लेखनात हे क्वचितच घडते.

एक आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा : स्वमदतीची पुस्तके राजकीय प्रश्न खासगी करून टाकतात. समाज बदलण्याऐवजी माणूस स्वतःलाच दुरुस्त करत बसतो. इतर अनेकांच्या पुस्तकांना हे अगदी लागू पडते. बार्कर यांचे वेगळेपण असे, की सजगतेसारख्या बौद्ध परंपरेतून घेतलेल्या साधनांविषयी लिहितानाही मनाला बाहेरच्या जगापासून सुटे काढायला ते लेखन नकार देते. आक्षेप पूर्ण मिटतो असे नाही. पुस्तक विकत घेऊन निवांत वाचायला वेळ नसलेल्या माणसाचे काय, हा प्रश्न राहतोच. बार्कर यांनी कितीतरी छोट्या पुस्तिका संकेतस्थळावर विनामूल्य ठेवल्या आहेत, ते उत्तर अपुरे असले तरी प्रामाणिक आहे.

दरम्यान वैद्यकाने एक पाऊल टाकले. जानेवारी २०२२पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या ११व्या रोगवर्गीकरणात लिंगभावातील विसंगती मानसिक विकारांच्या प्रकरणातून बाहेर काढली गेली. ब्रिटिश कायदा मात्र जागचा हललेला नाही. २००४चा लिंगओळखीचा कायदा आजही निदानाचा दाखला आणि दोन वर्षांचा पुरावा मागतो, आणि शेवटी देऊ करतो ते दोनच खाने. पासपोर्टवर तिसरे अक्षर मिळावे, यासाठी क्रिस्टी एलन-केन यांनी दीर्घकाळ लढा दिला. डिसेंबर २०२१मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ते अपील फेटाळले.